पहिला फोन कुणाला

विम्याचं नाव काढलं की माणसं जांभया द्यायला लागतात, आणि कप्तानाला एक वेळ शिव्या देणारा माणूस चालायचा, पण जांभई देणारा चालायचा नाही. त्याच्यातला नट दुखावला जायचा. हा कप्तान काही जहाजावरचा नव्हे. सहल कंपनीतला साधा टूर मॅनेजर. पांढरी टोपी घालून, घडीची छत्री उंच धरून सगळ्यांच्या पुढे चालायचा, म्हणून कुठल्याशा जुन्या ग्रुपनं ते नाव ठेवलं आणि ते त्याला कायमचं चिकटलं.

परदेशी विमानतळावरून हॉटेलकडे निघालं की बसमधला पहिला तास त्याचा. माणसं प्रवासानं आंबलेली, कुणाचे पाय सुजलेले, कुणाची बॅग बदललेली. अशा माणसांना विम्याचे शब्द समजावून सांगायचे म्हणजे खायचं काम नाही. पण कप्तान माईक हातात घेऊन उभा राहिला की बस जागी व्हायची.

"मंडळी, डिडक्टिबल म्हणजे काय? पहिला घास तुमचा, पुढचं ताट कंपनीचं. बिलाचा पहिला तुकडा तुम्ही भरायचा, मग त्यांची पाळी." हशा. "आधीपासूनचा आजार म्हणजे काय? जे दुखणं तुम्ही घरून बांधून आणलंय, ते तुमचं सामान. त्याला कंपनी हात लावणार नाही. बॅग हरवणं आणि बॅग उशिरा येणं यात फरक काय? नवरा घर सोडून गेला आणि नवरा उशिरा घरी आला, एवढाच." इथं बायकांच्या बाजूनं हमखास टाळ्या. "सहल अर्धवट सोडायची तर कारण भक्कम लागतं. जावयाशी भांडण झालं, हे कारण चालत नाही. विचारून बघितलंय मी."

आणि मग त्याचं ठेवणीतलं वाक्य. आवाज खाली आणून, एक बोट वर करून तो म्हणायचा, "आजारी पडायचं तर खुशाल पडा, पण विचारून पडा. पहिला फोन कंपनीला, दुसरा मला, तिसरा देवाला. हा क्रम चुकला की खर्च तुमचा." बस हसून हसून लोटपोट. उतरताना चार जण तरी ते वाक्य म्हणत उतरायचे.

आता खरं सांगायचं तर त्या वाक्याला एक शेपूट होतं. जिवावरचं दुखणं असेल तर कंपनीला विचारत बसायचं नाही, सरळ अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, कंपनीला मागाहून कळवलं तरी चालतं. पॉलिसीत हे स्वच्छ लिहिलेलं असतं आणि कप्तानाला ते पाठ होतं. सुरुवातीला तो सांगायचाही. पण त्या शेपटानं विनोद मरायचा. हशा पिकायच्या आत "परंतु" म्हटलं की लोक पाण्याच्या बाटल्या उघडायला लागायचे. त्यात एका सहलीत एका बाईंचा पाय मुरगळला, त्या कुणाला न विचारता कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्यात गेल्या, आणि विमा कंपनीनं काखा वर केल्यावर त्यांनी विमानतळावर सगळ्यांदेखत कप्तानाची खरडपट्टी काढली. त्या दिवसापासून त्यानं पहिल्या वाक्यावर दुप्पट जोर दिला आणि शेपूट छाटून टाकलं. कुणी त्याला विचारलं नाही, आणि आजवर काही अडलंही नव्हतं.

या खेपेच्या ग्रुपमध्ये मोजणीवाले काका होते. जन्मभर सरकारी खात्यात जमिनी मोजल्या, निवृत्त होऊन पाच-सात वर्षं झाली तरी हॉटेलच्या खोलीची लांबी-रुंदी पावलांनी काढायची सवय काही सुटली नव्हती. माणूस नियमाचा. रांगेत त्यांच्यापुढे कुणी घुसलं तर ते भांडायचे नाहीत, नुसतं खाकरायचे, आणि तो माणूस ओशाळून मागे जायचा. बरोबर काकू. काकूंचं वय झालं होतं, पण आयुष्यात एकटीनं कुठल्या खिडकीवर जाऊन काही विचारायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. बँक काकांकडे, तिकिटं काकांकडे, पासपोर्टसुद्धा दोन्ही काकांच्याच खिशात. "तुझं लक्ष नसतं," काका म्हणायचे, आणि काकू हसून मान हलवायच्या. मुलानं हट्टानं पाठवलं होतं दोघांना. बसमधल्या वर्गात काकू पहिल्या रांगेत होत्या, आणि कप्तान बोलत असताना त्यांचे ओठ हलत होते. पहिला कंपनीला, दुसरा मला. शाळेतल्या मुलीसारख्या पाठ करत होत्या. कप्तानाला ते दिसलं होतं आणि बरं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर ग्रुप तळ्यावर बोटीत बसायला निघाला. काका म्हणाले, आज दमल्यासारखं वाटतंय, आम्ही पडतो जरा. कप्तानानं चेष्टा केली, "काका, तळं मोजायचं राहील बरं." काका हसले आणि लिफ्टकडे वळले.

बोट तळ्याच्या मध्यावर असताना हॉटेलवरून फोन आला. कप्तान टॅक्सी करून इस्पितळात पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकू लांबलचक पॅसेजमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर काकांचा मोबाइल, चष्मा आणि घड्याळ. एका पायात घरातली सपात, दुसऱ्या पायात बाहेरची चप्पल.

तरुण डॉक्टरीण बाई कप्तानाला बाजूला घेऊन म्हणाल्या की हृदयविकाराचा झटका होता. दुखणं सुरू होऊन बराच वेळ गेला होता. कप्तानानं विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण आमच्या हातात काहीतरी राहिलं असतं. एवढा वेळ खोलीत कशाला थांबले?"

ते त्याला काकूंकडून कळलं. त्याला विचारावं लागलं नाही, त्या आपणहूनच सांगायला लागल्या. रडत नव्हत्या. एखादं अवघड काम अंगावर पडलं आणि निभावून नेलं, तसं सांगत होत्या.

"मी घाबरले नाही हो अजिबात. हे म्हणाले छातीत दाबल्यासारखं होतंय, घामानं शर्ट भिजला. मी म्हटलं, थांबा, आधी फोन. तुम्ही दिलेलं कार्ड यांच्या पाकिटातून काढलं, नंबर लावला. माझा मी लावला. मग ती टेप लागली, त्यांच्या भाषेत काहीतरी, मग गाणं वाजायला लागलं. हे म्हणाले, लागला का? मी म्हटलं, लागलाय, रांगेत आहे. पाणी मागितलं तर म्हटलं एका हातानं देते. मध्ये मला वाटलं खाली काउंटरवर सांगावं, तर हेच म्हणाले, फोन ठेवू नकोस, नंबर जाईल. मग नाही ठेवला. कानाला लावून बसले. शेवटी तो माणूस आला फोनवर, त्याला पॉलिसीचा नंबर सांगितला, एकही आकडा चुकला नाही. पण तो मध्येच ओरडायला लागला, अ‍ॅम्ब्युलन्स, अ‍ॅम्ब्युलन्स. मग त्यानंच हॉटेलला कळवलं." त्यांनी मांडीवरचा चष्मा सरळ केला. "तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं सगळं. क्रम चुकू दिला नाही."

त्या गाण्याची धून कप्तानाला माहीत होती. त्या टेपवर काय सांगतात तेही माहीत होतं: जिवाला धोका असेल तर हा फोन बंद करून स्थानिक अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा. गाणं सुरू व्हायच्या आधी, सगळ्यात पहिलं वाक्य तेच. आणि खोलीतल्या पलंगाशेजारी हॉटेलचा फोन होता, शून्य दाबलं की काउंटर. काउंटरपासून ती खोली दोन मजले वर. तिथं एक म्हातारा माणूस बायकोचा रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून पडून राहिला, आणि बायको कानाला फोन लावून रांगेत बसली. कशासाठी? तर बसमधल्या एका हशासाठी.

हे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, यात वाद नाही. त्यानं तोंड उघडलंही. पण काकूंनी मध्येच विचारलं, "आता पुढे काय करायचं असतं?" आणि त्याला सुटका मिळाली. तो भराभरा बोलायला लागला. रिपॅट्रिएशन नावाचा शब्द असतो पॉलिसीत, तो बसमध्ये कधीच सांगत नाही, कारण त्यावर विनोद होत नाही. म्हणजे देह घरी न्यायची जबाबदारी. पेटी, विमान, परवाने, सगळं कंपनी बघते. तुम्हाला काही करावं लागणार नाही.

"म्हणजे त्यात काही अडचण येणार नाही ना?" काकूंनी विचारलं. "मी आधी फोन केला होता, त्याची नोंद असेल ना त्यांच्याकडे?"

"असेल," कप्तान म्हणाला.

"मग बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि घड्याळ पदराच्या टोकाला पुसून परत मांडीवर ठेवलं.

संध्याकाळी विमा कंपनीच्या मदत केंद्रातून बाईचा फोन आला. कामाची बाई, नेमकं बोलणारी. कागद काय लागतील ते तिनं सांगितलं, पेटीची व्यवस्था उद्यापर्यंत होईल म्हणाली, आणि शेवटी तिला राहवलं नाही. "साहेब, एक विचारू? अशा वेळी आधी आमची परवानगी लागत नाही, हे तुमच्या लोकांना सांगत नाही का कुणी? आमच्या माणसाला रात्री झोप लागणार नाही असं काहीतरी मी बोलून गेले, आता वाईट वाटतंय. त्याची काय चूक? बाई आधी पॉलिसी नंबरच सांगत होत्या." कप्तान म्हणाला, "सांगतो ना. सांगतो." फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण पहिल्यांदा खोटं बोललो, आणि ते किती सहज जमलं.

मग मालकाचा फोन. सहल कंपनीचा मालक वाईट माणूस नव्हता, पण धंदा करून करून त्याला घाबरायची सवय लागली होती. "मुलगा येतोय. वकिलाबिकिलाच्या नादाला लागला तर आपलं दुकान बंद होईल. तू बसमध्ये काय सांगितलं होतंस?" "नेहमीचंच," कप्तान म्हणाला. मालकाला तेवढ्यानं कळलं. "हे बघ, तू दोन्ही सांगितलं होतंस. कळलं? बसमध्ये कोण काय लक्ष देऊन ऐकतं? आणि तुला घरी दोन पोरं आहेत, हे मी वेगळं सांगायला नको."

कप्तान रात्रभर कूस बदलत राहिला असं मी म्हणणार नाही. दमला होता, झोपला. सकाळी दाढी करताना मात्र त्यानं आरशात बघून ठरवलं की मुलगा आला की सगळं सांगायचं. नोकरी गेली तर गेली. काकूंना मुलासमोर ताठ मानेनं उभं राहता आलं पाहिजे. नवरा गेला, बाईच्या हातात आता एवढंच उरलंय की आपलं काही चुकलं नाही. तेवढं तरी तिच्याकडे राहू दे. हे त्यानं अगदी मनापासून ठरवलं होतं.

मुलगा दुपारी आला. पस्तिशीचा, उंच, बापासारखाच रुंद कपाळाचा. विमानात बसून बसून डोळे लाल झालेले. हॉटेलच्या लॉबीत कोपऱ्यातल्या सोफ्यावर काकू बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी ग्रुपमधले दातांचे डॉक्टर. हे डॉक्टर बसमध्ये पहिल्याच रांगेत, काकूंच्या पलीकडच्या सीटवर होते आणि वर्गात सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले होते. माणूस भला. बायकोला ग्रुपबरोबर पाठवून स्वतः काकूंच्या सोबतीला थांबले होते.

मुलानं आईला जवळ घेतलं. दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले. कप्तान आणि डॉक्टर दुसरीकडे बघत राहिले. मग मुलगा बसला, आणि ज्या प्रश्नाची कप्तानाला धास्ती होती तोच त्यानं विचारला. आवाज चढवला नाही.

"आई, अ‍ॅम्ब्युलन्स का नाही बोलावलीस?"

"बोलावणार होते ना. पण पहिला फोन कंपनीला करायचा असतो."

"कुणी सांगितलं तुला? पलंगाला लागून फोन होता खोलीत. खाली एवढी माणसं आहेत. बाबा तिथं तडफडतायत आणि तू, काल फोनवर सांगितलंस ते गाणं ऐकत बसलीस?"

"असं नको रे बोलूस." काकूंचा चेहरा उतरला, पण आवाजात धीर होता. त्यांनी कप्तानाकडे बघितलं. आपला साक्षीदार आहे, या भरवशानं बघितलं. "यांना विचार. यांनीच सांगितलं होतं सगळ्यांना."

मुलगा वळला. "तुम्ही असं सांगितलं होतं?"

हीच ती वेळ होती. एक "हो" म्हणायचं होतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत त्यात. मालकाचा आवाज कप्तानाच्या कानात आला, घरची दोन पोरं डोळ्यांपुढे आली, आणि खरं सांगायचं तर त्या पोरांच्याही आधी त्याला समोरच्या लाल डोळ्यांची भीती वाटली. बास, एवढंच. भीती वाटली.

"मी नेहमी दोन्ही सांगतो," तो म्हणाला. आणि आवाज कसा लागला म्हणता? माईकवर लागतो तसा, स्वच्छ, समजूतदार. "साधं दुखणं असेल तर आधी कंपनीला फोन. जिवावरचं असेल तर थेट अ‍ॅम्ब्युलन्स, कंपनीला नंतर कळवलं तरी चालतं. पॉलिसीतही तसंच आहे. दोन्ही सांगतो मी, दर वेळी."

दातांचे डॉक्टर वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी सुटलेली नव्हती. आता या डॉक्टरांवर कप्तानाचे काही उपकार नव्हते आणि ते काही त्याच्या कंपनीचे नोकर नव्हते. पण आपणही हसलो होतो, ही गोष्ट माणसाला गप्प बसवायला पुरते.

काकू कप्तानाकडे बघत राहिल्या. खोटं, असं त्या म्हणतील याची तो वाट बघत होता. खरं म्हणजे त्यांनी तसं म्हणावं असं त्याला त्या क्षणी जीव तोडून वाटत होतं. त्या म्हणाल्या असत्या तर तो कोसळला असता आणि मोकळा झाला असता. पण काकूंच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. त्यांचे ओठ हलायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा. बसमधलं सगळं त्या पुन्हा मनात चाचपून बघत होत्या, कुठं काही सांडलंय का ते शोधत होत्या. माईकवाला माणूस चार देशांचं पाणी प्यालेला, छापील पुस्तक वाचलेला. आणि आपण? आपल्याला तर पासपोर्ट कुठल्या खिशात आहे तेही माहीत नसायचं. असा हिशेब त्यांनी मांडला असणार, आणि त्यात कोण हरणार हे आधीच ठरलेलं होतं.

"सांगितलं असेल," त्या म्हणाल्या. "माझंच लक्ष नसेल."

"आई."

"खिडकीबाहेर बघत होते मी बहुतेक. हे नेहमी म्हणायचे, तुझं लक्ष नसतं." काकांनीच फोन ठेवू नकोस म्हटलं होतं, हे त्यांनी मुलाला सांगितलं नाही. ते आता कधीच सांगणार नव्हत्या.

मुलानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "एवढी एक गोष्ट, आई," तो हातांच्या आडून म्हणाला. "आयुष्यात एवढी एकच गोष्ट तुझ्यावर आली होती."

"चुकलं रे माझं," काकू म्हणाल्या.

तो उठला, इस्पितळात जायला गाडी आली का बघतो म्हणाला, आणि आईकडे न बघता काचेच्या दरवाजातून बाहेर गेला. दातांचे डॉक्टर पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेले. सोफ्यावर काकू राहिल्या आणि समोर कप्तान. काकू एकदम लहान दिसायला लागल्या होत्या. इस्पितळातल्या खुर्चीवर त्या अशा दिसत नव्हत्या. तिथं त्यांच्याजवळ काहीतरी होतं, ते आता नव्हतं, आणि ते कुणी काढून घेतलं हे कप्तानाला पक्कं ठाऊक होतं.

"काकू," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला आवरता आलं नाही.

काकूंनी ते बघितलं. त्या पुढे सरकल्या आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"नाही हो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर सांगितलं होतं."